मोटारसायकलच्या पुढच्या काचेवरील चरे

बेळगावाहून निघून जांबोटी आणि कणकुंबी मागे टाकलेला मोटारसायकलस्वार सायंकाळी चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरू लागतो, तेव्हा त्याचे तोंड पश्चिमेकडे असते. मावळता सूर्य समोर, रस्ता वळणावळणाचा, एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला दरी. दाट झाडीच्या सावलीतून गाडी एकाएकी उघड्यावर येते आणि हँडलच्या पुढे बसविलेली पारदर्शक काच क्षणार्धात दुधाळ होऊन जाते. सकाळी घरासमोर गाडी पुसताना याच काचेत काही दोष दिसलेला नसतो. आता मात्र तिच्यावर हजारो बारीक रेघा चमकू लागतात आणि त्यांच्या पलीकडचा रस्ता नाहीसा होतो. अशा वेळी किती अंतर आंधळेपणाने कापले जाते याचा हिशेब सोपा आहे. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. डोळे सावरेपर्यंत तीन सेकंद गेले, तर ३३ मीटर रस्ता न पाहताच मागे पडलेला असतो. आणि घाटातील पुष्कळ वळणे याहून आखूड असतात.

रात्रीची गोष्ट निराळी नाही. समोरून येणाऱ्या मालमोटारीचा दिवा चरे पडलेल्या काचेवर आला की त्याचा गोळा फुगतो, त्याभोवती प्रकाशाचे कडे उमटते, आणि त्या कड्याच्या आड चालणारा पादचारी किंवा बसलेले जनावर दिसेनासे होते. काचेवरील ओरखडे ही केवळ गाडीच्या सौंदर्याची बाब आहे असे समजणाऱ्यांनी एकदा तरी ओल्या रस्त्यावर रात्री अशा काचेतून पाहावे.

आता, जिला सगळे काच म्हणतात ती वस्तू मुळात काच नव्हेच. दुकानात तिला विंडशील्ड म्हणा, कोणी व्हायझर म्हणते, पण ती असते प्लास्टिकची. आणि प्लास्टिकही एक नव्हे, दोन प्रकारचे. हा भेद कळल्यावाचून पुढचा कोणताही उपाय धडपणे करता येत नाही. किंबहुना चांगल्या काचा बिघडतात त्या पुष्कळदा एका प्रकारचा उपाय दुसऱ्या प्रकारावर केल्यामुळे.

पहिला प्रकार अॅक्रिलिकचा. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीत ऑटो रोम यांच्या कारखान्यात आणि इंग्लंडात इंपीरियल केमिकल कंपनीत हा पदार्थ पत्र्याच्या रूपाने तयार होऊ लागला. जर्मनीत त्याला प्लेक्सिग्लास आणि इंग्लंडात पर्स्पेक्स हे व्यापारी नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या बैठकीवरील पारदर्शक छते याच पदार्थाची होती. विमानावर गोळ्यांचा मारा झाला म्हणजे या छतांच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्याच्या ध्यानात आले की या ठिकऱ्या डोळ्यात राहूनही डोळा त्यांच्याविरुद्ध फारशी तक्रार करीत नाही. त्यावरून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात याच पदार्थाचे भिंग बसविले. आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आजोबांच्या डोळ्यात बसलेले भिंग आणि नातवाच्या मोटारसायकलवरची काच ही पुष्कळदा एकाच कुळातील असतात, ते असे.

दुसरा प्रकार पॉलिकार्बोनेटचा. हा १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीतील हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनिएल फॉक्स यांनी परस्परांच्या नकळत शोधून काढला. त्याचा गुण म्हणजे चिवटपणा. दगड लागला तर अॅक्रिलिकला तडा जातो, क्वचित तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट वाकते, दबते, पण सहसा फुटत नाही. म्हणूनच शिरस्त्राणाची डोळ्यांपुढची पट्टी त्याचीच करतात. परंतु निसर्गाने येथे एक गंमत करून ठेवली आहे. जो पदार्थ आघाताला दाद देत नाही तोच ओरखड्याला चटकन बळी पडतो. पॉलिकार्बोनेट अॅक्रिलिकहून मऊ आहे. त्यामुळे कारखान्यातून निघतानाच त्याच्या पृष्ठावर सिलिकोनच्या जातीचे एक कठीण आणि अत्यंत पातळ कवच चढवावे लागते. या कवचाची जाडी काही थोड्या मायक्रॉनांची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे कवच शाबूत आहे तोवर काच उत्तम. ते एकदा खरवडले गेले की खालचा मऊ पदार्थ उघडा पडतो.

हातातली काच कोणत्या प्रकारची, हे ओळखावे कसे? पुष्कळ काचांच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पदार्थाचे नाव कोरलेले असते. ते आधी शोधावे. ते नसेल तर काचेची कड पाहावी. अॅक्रिलिकची कड बहुधा स्वच्छ व उजळ दिसते, पॉलिकार्बोनेटची काहीशी धुरकट. बोटाच्या सांध्याने टिचकी मारली तर पहिल्याचा आवाज किंचित खणखणीत आणि दुसऱ्याचा बद्द येतो. ही लक्षणे अंदाजापुरतीच होत. कोणी जळती काडी लावून वासावरून ओळखण्याचा सल्ला देतात. तो ज्याची काच आहे त्याने ऐकू नये. खरा भरवसा विकत घेतानाच्या माहितीपत्रकाचा. ते फेकून न देता गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवणारे थोडेच.

चऱ्यांमुळे दृष्टी का अडते, हे समजून घेण्याजोगे आहे. स्वच्छ अॅक्रिलिकवर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ९२ टक्के आरपार जातो. उरलेला प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के याप्रमाणे परत फिरतो. पॉलिकार्बोनेटमधून सुमारे ८८ टक्के जातो. दोन्ही आकडे उत्तमच म्हणायचे. पण हे गुळगुळीत पृष्ठाचे झाले. चरा म्हणजे पृष्ठात खणलेली एक सूक्ष्म नाली. तिच्या उतरत्या भिंतींवर पडलेला प्रकाश सरळ न जाता भलत्याच दिशेला वळतो. सावलीत, सर्व बाजूंनी सारखा उजेड असताना, हा भरकटलेला प्रकाश इतर प्रकाशात मिसळून जातो आणि चरा दिसत नाही. एकच प्रखर दिवा समोर आला म्हणजे मात्र ज्या ज्या नालीची भिंत त्या दिव्याचा प्रकाश स्वाराच्या डोळ्याकडे वळविण्याजोग्या कोनात असेल ती ती पेटून उठते. दिव्याभोवती प्रकाशाची वर्तुळे दिसतात ती यामुळेच. वस्तुतः काचेवर वर्तुळे कोणी ओढलेली नसतात. रेघा सर्व दिशांना वेड्यावाकड्या असतात; पण त्यांपैकी दिव्याकडून निघालेल्या किरणाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्याच चमकतात, बाकीच्या गप्प राहतात. दिवा सरकला की वर्तुळही त्याच्याबरोबर सरकते. घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटात विजेच्या दिव्याभोवती हाच खेळ दिसतो.

हे चरे येतात कुठून? झाडाच्या फांदीने, खडीने किंवा गाडी आडवी पडल्याने आलेले ओरखडे थोडे. बहुसंख्य चरे मालकाच्या स्वतःच्या हातांनी, आणि तेही काच स्वच्छ करण्याच्या सद्हेतूने, पडलेले असतात. १८१२ साली फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने पदार्थांच्या काठिण्याची एक ते दहा अशी श्रेणी लावली. त्या श्रेणीत हिरा दहावा, गारगोटी सातवी, खिडकीची साधी काच साडेपाचच्या आसपास, आणि ही प्लास्टिके तीनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतात. रस्त्यावरची धूळ म्हणजे पुष्कळ अंशी गारगोटीचाच चुरा. कोरडे फडके घेऊन धुळीने माखलेली काच पुसणे म्हणजे गारगोटीच्या कणांनी मऊ पृष्ठावर हजार नांगर फिरविणे होय. गोवा आणि बेळगावच्या पश्चिमेकडील भागात जांभ्याची तांबडी धूळ उडते. तिच्यात गारगोटीच्या कणांबरोबर लोहाची संयुगेही असतात आणि तीही या प्लास्टिकपेक्षा बरीच कठीण असतात. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. लोहाचे हेच तांबडे संयुग अत्यंत बारीक वाटले म्हणजे सोनार आणि भिंगे घासणारे कारागीर ते झिलईसाठी वापरतात. पदार्थ तोच, कण मोठा असेल तर ओरबाडतो आणि पुरेसा सूक्ष्म असेल तर चकाकी आणतो. काच दुरुस्त करण्याची सगळी विद्या या एका वाक्यात आहे, आणि तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

तेव्हा धुण्याचा पहिला नियम असा की पाणी पुढे आणि हात मागे. आधी काचेवर भरपूर पाणी सोडावे आणि सैल झालेली धूळ वाहून जाऊ द्यावी. तोवर तिला बोटही लावू नये. नंतर साध्या सौम्य साबणाच्या पाण्यात भिजविलेले मऊ सुती फडके, धुऊन धुऊन मऊ पडलेले जुने धोतर किंवा पंचा, अथवा हल्ली सर्वत्र मिळणारे सूक्ष्म धाग्याचे कापड, न दाबता हलक्या हाताने फिरवावे. फडके वरचेवर पालटावे आणि बादलीच्या तळाशी बसलेल्या गाळात ते बुडवू नये. सायंकाळच्या प्रवासात काचेवर आपटून वाळलेले किडे ही मोठी कटकट असते. ते नखाने खरवडण्याचा मोह होतो. त्यापेक्षा पाण्याने निथळणारे फडके त्यांवर दहा-पंधरा मिनिटे पसरून ठेवावे. ते आपोआप मऊ होऊन सुटतात.

घरातील आरसा ओल्या वर्तमानपत्राने लख्ख होतो, हा अनेक घरांतला पिढीजात अनुभव आहे आणि तो खोटा नाही. आरसा खऱ्या काचेचा असतो, म्हणून त्याला ते मानवते. प्लास्टिकच्या काचेला कागद चालत नाही, मग तो वर्तमानपत्राचा असो वा हात पुसण्याचा. वर्तमानपत्रात हे छापले जावे हे थोडे विचित्र खरे, पण त्याला इलाज नाही. भांड्यांची घासणी, काथ्या आणि राख यांची तर गोष्टच नको. भाताच्या तुसाची राख गारगोटीच्याच घटकाने भरलेली असते.

ओरखड्यांहून वाईट असा एक विकार आहे आणि तो रसायनांनी जडतो. गॅरेजात पेट्रोलचा बोळा नेहमी हाताशी असतो. तेलकट बोटांचे ठसे काचेवर दिसले की कोणी तरी सहजपणे तोच बोळा फिरवितो. काच त्या क्षणी चकचकीत दिसते. पुढे केव्हा तरी तिच्या अंगात, विशेषतः वाकलेल्या भागात आणि स्क्रूच्या भोकांभोवती, केसांसारख्या असंख्य भेगा उमटतात. पारदर्शक पत्रा तापवून आणि वाकवून घडविताना त्याच्या पोटात ताण राहून गेलेला असतो. पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढण्याचे अॅसिटोन, काही प्रमाणात स्पिरिटसुद्धा, त्या ताणलेल्या जागी शिरून पदार्थाची वीण उसवतात. खिडक्यांसाठी बाटलीत मिळणाऱ्या अनेक द्रवांत अमोनिया असतो, तोही येथे वर्ज्य होय. ब्रेकचे तेल सांडले तर ताबडतोब पाण्याने धुऊन काढावे. चरा घासून जातो. ही भेग आतली असते, ती कोणत्याही घासण्याने जात नाही. अशा भेगांची काच बदलणे हाच मार्ग.

आता प्रत्यक्ष चरे पडलेल्या काचेकडे वळू. प्रथम तिची परीक्षा करावी लागते. काच धुऊन वाळवावी आणि चऱ्यावरून नख हलकेच आडवे न्यावे. नख अडले नाही तर चरा उथळ. अडखळले तर ओरखडा खोल. चरा बाहेरच्या अंगाला आहे की आतल्या, हेही दोन्ही बाजूंना बोट लावून पाहावे. पातळ पारदर्शक पत्र्यात नजरेची फसगत होते आणि चुकीच्या बाजूने तासभर घासल्यावर ती ध्यानात येते. दुसरी परीक्षा पाण्याची. चऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. तो दिसेनासा झाला किंवा बराच फिका पडला, तर दोष उथळ आहे असे समजावे. यामागे साधे कारण आहे. प्रकाश वळविण्याची शक्ती मोजणारा वक्रीभवनांक हवेचा एक, पाण्याचा १.३३ आणि अॅक्रिलिकचा १.४९ असतो. हवेने भरलेल्या नालीत हा फरक मोठा, म्हणून प्रकाश फार भरकटतो. पाण्याने भरलेल्या नालीत फरक थोडा, म्हणून नाली लपते. पावसात जुनी काच नवी वाटते ती याच न्यायाने.

मेण लावण्याचा उपचार याच तत्त्वावर चालतो. मोटारीसाठी मिळणारे, घर्षक द्रव्य नसलेले मेण काचेवर चढवून पुसले म्हणजे ते बारीक नाल्यांत बसते. मेणाचा वक्रीभवनांक पाण्याहूनही अॅक्रिलिकच्या जवळ असल्याने चरे दडतात. हा इलाज खोटा नव्हे, पण तात्पुरता आहे. काही धुण्यांनंतर मेण जाते आणि चरे होते तेथेच असतात. प्रवासाच्या आदल्या दिवशी हाताशी दुसरे काही नसेल तर त्याचा आधार घ्यायला हरकत नाही.

दंतमंजनाच्या मलमाने चरे जातात, ही वार्ता कानोकानी सर्वदूर पोचलेली आहे. तीत तथ्य आहे, पण अर्धे. त्या मलमात खडूची किंवा सिलिकाची अत्यंत बारीक पूड असते, आणि ती कवच नसलेल्या अॅक्रिलिकवरील अगदी उथळ चरे कमी करू शकते. परंतु दातांसाठी केलेल्या पुडीचे कण सर्वत्र सारखे असतीलच असे नाही. एका जातीच्या मलमाने काच उजळते, दुसरीने आणखी धुरकटते. प्लास्टिकसाठी मुद्दाम केलेली झिलई बाजारात मिळते आणि काचेच्या किमतीच्या मानाने ती महाग नाही. सुती फ्लॅनेलच्या तुकड्यावर थोडी झिलई घेऊन, एका वेळी तळहाताएवढ्या जागेत, काही मिनिटे न थांबता घासली म्हणजे नखाला न लागणारे बहुतेक चरे जातात.

खोल ओरखड्याला मात्र हे पुरत नाही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घासण्याने ओरखडा भरून येत नाही. ओरखड्याचा तळ जेथे आहे तेथपर्यंत भोवतालचा सारा पृष्ठभाग खाली आणावा लागतो. काच तीन-चार मिलिमीटर जाड असेल आणि ओरखडा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा खोल असेल, तर एवढे द्रव्य काढल्याने तिची ताकद लक्षात येण्याइतकी कमी होत नाही. परंतु हे द्रव्य फक्त ओरखड्याच्या रेषेवरूनच काढले तर तेथे एक खळगा होतो, आणि पारदर्शक पत्र्यातला खळगा हे भिंगच असते. त्यातून पाहताना रस्त्यावरची पांढरी रेघ वाकडी दिसते आणि ओरखडा परवडला असे म्हणण्याची पाळी येते. म्हणून बोटभर ओरखड्यासाठी वीतभर जागा घासावी, आणि मध्यापासून कडेकडे हात हळूहळू हलका करीत जावे.

काच गाडीवरून उतरवून जुन्या मऊ चादरीवर आडवी ठेवली तर काम नीट होते. लागतो तो पाण्यात भिजवून वापरायचा काळा पॉलिशपेपर. रंगाच्या दुकानांत आणि मोटारीच्या सामानाच्या दुकानांत तो वॉटर पेपर म्हणून मागावा. त्याच्या पाठीवरचा आकडा जितका मोठा तितके कण बारीक. आठशे आकड्याच्या कागदाचे कण सुमारे २२ मायक्रॉनांचे, हजाराचे सुमारे १८, दीड हजाराचे १२-१३ आणि दोन हजाराचे सुमारे दहा मायक्रॉनांचे असतात. जो ओरखडा हजाराने जाईल त्याला सहाशेने हात लावू नये. कारण प्रत्येक जाड कागद स्वतःचे चरे मागे ठेवतो आणि ते पुढच्यांना निस्तरावे लागतात. कागद रबराच्या किंवा बुचाच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळावा; नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या खाली पन्हळी पडतात. काचेला बाक असेल तर ठोकळा मऊ घ्यावा. पाणी सतत सोडीत राहावे. पहिला कागद एकाच दिशेने, समजा आडवा, फिरवावा. दुसरा त्याला काटकोनात, उभा. तिसरा पुन्हा आडवा. यात कसलाही विधी नाही. उभ्या रेघांमध्ये एखादी आडवी रेघ शिल्लक दिसली तर आधीच्या कागदाचे काम धुऊन निघालेले नाही हे त्यावरून कळते, आणि तसे असेल तर पुढे जायचे नाही. प्रत्येक कागदानंतर काच, ठोकळा, हात आणि पाण्याचे भांडे ही सगळी धुऊन काढावी. आठशेचा एखादा कण दोन हजाराच्या कागदाखाली राहिला तर तो अर्ध्या तासाची मेहनत एका फेरीत पुसून टाकतो.

या कामात एक क्षण असा येतो की धीर खचतो. पहिल्या कागदानंतर काच दह्यासारखी पांढरी होते आणि आपण असलेली काचही गमावली असे वाटते. पुष्कळ लोक येथेच हात आखडतात, किंवा घाईने एकदम झिलईवर उडी मारतात, आणि धुरकट काच कायमची गळ्यात पडते. वस्तुतः पांढरेपणा हे एकसारखे घासले गेल्याचे लक्षण आहे. पुढच्या प्रत्येक कागदाने तो विरळ होतो, पण दोन हजाराच्या कागदानंतरही पूर्ण जात नाही. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनाच्या आसपास असते आणि दहा मायक्रॉनांचे कण तिच्या मानाने धोंडेच ठरतात. म्हणून शेवटचे काम झिलईच्याच पुडीचे. ती फ्लॅनेलवर घेऊन निवांतपणे चोळावी लागते. हाताने केले तर एका वीतभर जागेला पाऊण तास सहज जातो. विजेच्या यंत्राने हे लवकर होते, पण अॅक्रिलिक सुमारे शंभर अंश उष्णतेला मऊ पडते आणि एका जागी रेंगाळलेले यंत्र घर्षणाने तेवढी उष्णता हां हां म्हणता निर्माण करते. मग पृष्ठ वितळून ओघळते आणि तो डाग घासण्याजोगा राहत नाही. यंत्र वापरायचेच तर मंद वेगाने, सतत फिरते ठेवून, आणि मध्येच हाताच्या पाठीने काच गरम लागते का हे पाहत. प्रवासी विमानांच्या अॅक्रिलिकच्या खिडक्यांवरचे ओरखडे दुरुस्तीच्या कारखान्यात याच क्रमाने काढले जातात. तेथे साधने अधिक चांगली असतात, रीत हीच.

हे सारे कवच नसलेल्या अॅक्रिलिकसाठी झाले. कवच असलेल्या पॉलिकार्बोनेटवर ही रीत चालविणे म्हणजे रोग्याची कातडी काढून खरूज बरी करणे. कागदाने कवच निघून जाते, खालचा मऊ पदार्थ उघडा पडतो, आणि तो आठवडाभरात पहिल्याहून अधिक चरे गोळा करतो. शिवाय उन्हातील अतिनील किरणांपासून संरक्षण बहुधा त्या कवचातच असल्याने काच पिवळी पडू लागते. काही अॅक्रिलिक काचांवरही असे कवच असते. शंका असल्यास खाली चौकटीत झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर थोडी झिलई दोन मिनिटे घासून पाहावी. तेथील सूक्ष्म चऱ्यांवर तिचा काहीच परिणाम होत नसेल तर कवच आहे असे धरून थांबावे. अशा काचेला मेण, जपणूक आणि शेवटी बदल, एवढेच तीन मार्ग उरतात.

शिरस्त्राणाच्या पट्टीलाही हाच न्याय लागू आहे. गोव्यात भाड्याने मोटारसायकल चालविणाऱ्या आणि पायलट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिकांच्या गाड्यांना बहुधा पुढची काच नसते. दिवसभर धूळ, ऊन आणि पाऊस झेलते ती डोळ्यांपुढची ही पट्टीच. सिग्नलपाशी उभे राहिल्यावर हातमोज्याच्या पाठीने किंवा बाहीने ती पुसण्याची सवय जवळजवळ सर्वांना असते, आणि वर्षभरात पट्टी निकामी होण्याचे कारणही बहुतेक तेच. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांची शिरस्त्राणे मानक चिन्हांकितच असली पाहिजेत असे बंधन आले आहे. पट्टी घासून चांगली करण्याचा खटाटोप मात्र करू नये. ती अगदी डोळ्यांपुढे असते आणि तिच्यातला थोडासा खळगाही अंतराचा अंदाज चुकवितो. पट्टी स्वतंत्र विकत मिळते. चरे दिव्याभोवती कडे दाखवू लागले की ती बदलावी.

काच पुन्हा गाडीवर चढविताना दोन गोष्टी पाहाव्यात. अॅक्रिलिक उन्हाने धातूपेक्षा फार अधिक प्रसरण पावते. ५० सेंटिमीटर रुंदीची काच सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात जाऊन ३० अंशांनी तापली तर ती सुमारे एक मिलिमीटर वाढते. पोलादाची चौकट त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच वाढते. म्हणून भोक स्क्रूहून किंचित मोठे असावे, मध्ये रबराची चकती असावी, आणि स्क्रू पान्याची सगळी ताकद लावून आवळू नये. भोकापासून निघणारे तडे बहुधा अतिउत्साहाने आवळलेल्या स्क्रूचे असतात. दुसरी गोष्ट उंचीची. काचेची वरची कड बसलेल्या स्वाराच्या नाकाच्या रेषेच्या आसपास यावी, म्हणजे वारा डोक्यावरून जातो आणि नजर काचेतून न जाता काचेवरून रस्त्यावर पडते. पावसाळ्यात घाटात धुके उतरते तेव्हा काच दोन्ही अंगांनी भिजते आणि तिला पुसणी नसते. त्या वेळी नवीकोरी काचही आड येते. कड फार वर असेल तर बहुतेक चौकटींत ती दोन-तीन बोटे खाली सरकविता येते.

दुरुस्त केलेल्या काचेची पहिली परीक्षा घाटात घेऊ नये. रात्री अंगणातले दिवे मालवून स्वाराने गाडीवर नेहमीप्रमाणे बसावे, किंचित वाकून काचेतून पाहावे, आणि घरातील दुसऱ्या कोणी वीस-पंचवीस पावलांवर विजेरी धरून ती सावकाश एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे न्यावी. विजेरीभोवती कडे दिसले नाही आणि तिच्या शेजारी उभ्या माणसाचे पाय स्पष्ट दिसले, तर काम झाले. कडे एकाच जागी पेटत असेल तर तेवढ्या जागेवर खडूची खूण करून सकाळी पुन्हा दोन हजाराचा कागद पाण्यात भिजत घालावा.